उलटं शिवलेलं पुस्तक

घुंगरं चिंचेनं घासायची असतात. डब्यातली पांढरी पावडर मला कुणी सांगू नये. चिंच कोळायची, तिच्यात घुंगरं बुडवायची, जेवून यायचं आणि मग नारळाच्या शेंडीनं घासत बसायचं. पितळ असं उजळतं की त्यात आपलं तोंड दिसतं, आणि तोंड बघून वाटतं की घासायचं ते राहूनच गेलं. थंडीनं काढता पाय घेतला, स्वारगेटच्या बाजूनं येणाऱ्या वाऱ्याला डिझेलबरोबर तापल्या धुळीचाही वास यायला लागला, की माझा हात आपोआप माळ्याकडं जातो. तिथं गोणपाटात घुंगरांचा पट्टा गुंडाळून ठेवलेला असतो. तो खाली आला की आमच्या गल्लीत उन्हाळा आला. कॅलेंडर काहीही म्हणो.

माझं रसाचं दुकान आहे. उसाचा घाणा, दोन बाकडी, वर ताडपत्री. दुकानाला नाव नाही. लोक म्हणतात विहाराशेजारचा रस, तेवढं पुरतं. घाणा आता मोटारीवर फिरतो. त्याला घुंगरांची काही गरज नाही, असं मुलगा म्हणतो. पण घुंगरांशिवाय रस गोड लागत नाही. हे मी सिद्ध करून देऊ शकत नाही, आणि देणारही नाही.

यंदा घुंगरं घासायला शेजारी मित्रा बसली होती. मित्रा म्हणजे माझी नात, संघमित्रा. नाव मीच ठेवलं आणि हाक मारताना मलाच दम लागायला लागला, म्हणून मित्रा. ती आता तिसरीत आहे. म्हणजे माझ्या पुढं गेली. मी दुसरी पास. तिसरीच्या वर्गात बसलो होतो काही दिवस, पण ते धरायचं नाही. नुसतं बसल्यानं माणूस शिकत असता, तर आमच्या पारावरचे सगळे प्राध्यापक झाले असते.

घासता घासता ती म्हणाली, "आबा, शेळीचं पुस्तक अजून आहे का बालवाडीत?"

"हाय की. जाणार कुठं?"

"कसंय आता? ताईंचं का तुमचं?"

आणि गालातल्या गालात हसली. हा प्रश्न आमच्या घरात तिला आणि मलाच नीट कळतो. सूनबाईलाही कळतो, पण ती हसत नाही.

तो उन्हाळा मला अजून बोटांच्या टोकांवर आठवतो. चिंचेचं पाणी, उसाचा चिकटा आणि जाड दोऱ्याचा काच. मित्रा तेव्हा बालवाडीत होती. बालवाडी विहाराच्या मागच्या खोलीत भरते. तिची भिंत आणि माझ्या दुकानाची भिंत एकच. तिकडं पोरं गाणं म्हणायला लागली की इकडं ग्लास वाजतात. मुलगा कंपनीत पाळीवर, सूनबाई वैशाली हडपसरला एका दवाखान्यात काउंटरला, तेव्हा पोरीला न्यायचं-आणायचं काम माझं. सकाळी कुणी रस पीत नाही. पुणेकर अकरा वाजल्याशिवाय तहानच लागू देत नाही. मग मी मित्राला सोडायचो आणि तिथंच दाराशी चवड्यावर बसून राहायचो.

मित्राचं बोलणं मोठं गमतीचं होतं. तिची प्रत्येक गोष्ट शेवटापासून सुरू व्हायची. घरी आली की चप्पल काढायच्या आधी सांगायची, "मग ताईंनी फडक्यानं पुसलं."

"काय पुसलं?"

"पाणी."

"कुठलं पाणी?"

"सांडलेलं."

"कुणी सांडलं?"

"मी नाही."

इथं गोष्ट संपायची. आपण सुरुवातीपर्यंत पोचायचोच नाही.

मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आम्ही सगळे असंच बोलतो. गावाकडनं फोन आला तर पहिल्यांदा काय ऐकू येतं? "म्हातारा गेला." मग कसा गेला, कधी पडला होता, डॉक्टर काय म्हणाला, हे मागनं. पोरगं पास झालं तर आधी पेढा तोंडात येतो, मार्क नंतर. जे मोठं असतं ते पहिल्यांदा तोंडातनं निसटतं. पाच वर्षांच्या पोरीनं तेच केलं तर तिला नावं का ठेवायची?

पण कल्पनाताईंना ते पटेना. कल्पनाताई म्हणजे बालवाडीच्या बाई. बारीक अंगाच्या, आवाज त्याहून बारीक, पण त्या "शू" म्हणाल्या की माझा घाणासुद्धा थांबेल. त्यांनी वैशालीला बोलावून सांगितलं, मी दाराशीच होतो, "मित्राला सगळं कळतं हो. रंग येतात, आकडे येतात. पण आधी काय झालं, मग काय झालं, शेवटी काय झालं, हे तिला लावता येत नाही. पहिलीत गेली की त्यावरच सगळं असतं. आणखी एक वर्ष इथंच ठेवायचं का, ते सुट्टी लागायच्या आत ठरवू या."

वैशालीचं तोंड उतरलं. शेजारची आरोही पहिलीत जाणार होती. दोघींचं ठरलेलं होतं, एकाच बाकावर बसायचं, एकीनं डबा आणायचा आणि एकीनं पाण्याची बाटली. मित्रा तर आरोहीचं दप्तर पाठीला लावून गल्लीत फिरून आली होती. ती घरी येऊन मला म्हणाली, "मी राहणारे." शेवट सांगून टाकला. भिंतीकडं तोंड करून बसली.

आमच्या घरात एक जण वर्गातनं मागं राहिलाय, तेवढा पुरे.

कल्पनाताई पोरांना क्रम शिकवायच्या तो एका पुस्तकातनं. शेळीचं पुस्तक. त्याला अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. पानाच्या एकाच अंगाला चित्र, पाठ कोरी, आणि आकडा कुठंच नाही. कव्हर कधीच गेलेलं. वापरून वापरून त्याच्या पिना गंजल्या आणि पानं सुटली. ताई दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला निघाल्या होत्या. जाताना त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "आबा, तुमच्याकडं गोणपाट शिवायचं दाभण आहे ना? एवढं शिवून ठेवा. मदतनीस ताई आहेतच, पण पोरांना तुम्हीही जरा चित्रं दाखवा. फक्त एक करा. सांगायचं नाही. विचारायचं."

"म्हंजे?"

"म्हणजे पुढं काय झालं हे तुम्ही सांगायचं नाही. त्यांना विचारायचं, पुढं काय झालं असेल?"

ही कसली शिकवणी, मी म्हटलं. मनात. ज्याला ठाऊक आहे त्यानं सांगायचं, ज्याला नाही त्यानं ऐकायचं, जग असं चाललंय.

मी दुकानात बाकड्यावर बसून पुस्तक शिवलं. वरचं पान उचलायचं, दाभणानं भोकं पाडायची, बाजूला ठेवायचं. दुसरं पान उचलायचं, भोकं पाडायची, पहिल्याच्या डोक्यावर ठेवायचं. उसाची मोळी सोडताना हात असाच चालतो. वरचा ऊस घ्यायचा, सोलायचा, बाजूला रचायचा. शेवटी सोललेला वर राहतो आणि घाण्यात तोच आधी जातो. उसाला त्याचं काही नसतं. कुठलाही ऊस आधी गेला तरी रस तोच. ढीग पुरा झाला, वरनं मेणाचा दोरा ओढून पक्की शिवण घातली. हत्ती बांधला तरी तुटणार नाही अशी.

दुसऱ्या दिवशी पोरांपुढं पुस्तक उघडलं.

पहिलं चित्र. आभाळ लालभडक, झाडाखाली एक पोरगा शेळीच्या पोटावर डोकं ठेवून झोपलाय, डोकं बोडकं. मी म्हटलं, "बघा, पहाट झालीय. हा पोरगा अजून उठायचाय." विचारायचं वगैरे माझ्या लक्षातच राहिलं नाही. दुसरं चित्र, शेळीच्या तोंडातनं लाल दोरा लोंबतोय आणि पोरगा कमरेवर हात ठेवून तिच्याकडं बघतोय. "शेळी म्हणते, बाबा, उन्हाचा बोडक्यानं फिरू नको, टोपी बघ." तिसरं, पोरगा शेतात, बांधावर, खाटेखाली काहीतरी शोधतोय. "टोपी शोधतोय." चौथं, शेळीच्या तोंडात लाल गोंड्याची टोपी. "शेळीनंच आणली बघा!" पाचवं, टोपी खांबावर अडकवलेली आणि पोरगा कालव्यात उतरलेला. "नवी टोपी घालायची तर आधी आंघोळ नको का?" सहावं, पोरगा टोपी घालून ऐटीत चाललाय. आणि सातवं, मागं जत्रा, फुगेवाला, टोपीवाला, आणि बाप वाकून पोराच्या डोक्यावर टोपी नीट करतोय. "बाप म्हणाला, शाब्बास! आता दिसतोस माझा पोरगा."

पोरांनी टाळ्या पिटल्या. रोज तीच गोष्ट मागायला लागली. आणि काय सांगू, चार दिवसांनी मित्रा उठली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत सगळी गोष्ट घडाघडा सांगितली. एक अक्षर चुकलं नाही. आंघोळसुद्धा सोडली नाही. मी घरी गेलो तो छाती काढून. वैशालीला म्हटलं, "सूनबाई, पोरीला कोण म्हणतं क्रम येत न्हाई? ऐक." वैशालीनं ऐकलं, तिचे डोळे भरले, आणि त्या दिवशी मला भाकरीवर लोणी न मागता मिळालं.

मग कल्पनाताई परत आल्या.

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं, पुन्हा पहिलं. म्हणाल्या, "आबा, हे उलटं शिवलंय."

"उलटं कसं? शिवण बघा की, सरळ हाय."

"शिवण सरळ आहे. गोष्ट उलटी आहे. बाप जत्रेत टोपी घेतो तिथनं सुरुवात. पोरगा मिरवतो, खांबावर टोपी ठेवून पोहायला जातो, शेळी टोपी खाते, तो शोधत बसतो, मग शेळीच्या तोंडात गोंड्याचा दोरा सापडतो. आणि संध्याकाळी रुसवा विसरून तिच्याच कुशीत झोपतो."

"संध्याकाळ कशावरनं?"

"आभाळ लाल आहे."

"पहाटेपण असतंय लाल. आमच्या मांजरी गावाला चला माझ्याबरोबर, दाखवतो."

माझा जन्म मांजरीचा. माझा बाप उसाला पाणी द्यायचा तिथं आता बारा मजले उभे आहेत आणि पाणी टँकरनं येतं. पण पूर्वेचं आभाळ अजून तेच आहे. पहाटे उसाच्या पात्यांवर दव, पायांना चिखल गार, आणि समोर असं लाल की कुणी कुंकू सांडलंय वाटावं. मला पहाट कुणी शिकवू नये.

ताई हसल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. म्हणाल्या, "बरं. राहू द्या तुमची पहाट. पण मित्रानं हे पाठ केलंय, लावलेलं नाही. तुम्ही सांगितलं, ती बोलली. ती अजून शेवटाकडूनच सुरू करतेय, फक्त या वेळी पुस्तकानं तिला साथ दिली."

घरी वैशालीला हे कळलं. ती मला उलटून कधी बोलत नाही, भांड्यांना बोलते. त्या दिवशी पातेलं म्हणालं, "पोर आधीच उलटी, त्यात घरचे मास्तरही तसेच."

मी नारायण पेठेतल्या काकांना विचारलं. हे गृहस्थ दर उन्हाळ्यात रसाला येतात, बिनबर्फाचा, आणि दरवेळी ऐकवतात की बर्फच घालायचा तर ऊस कशाला गाळता, नळाला तोंड लावा. शिकलेला माणूस. पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, सांगा, उलटं का सुलटं?

त्यांनी चष्मा पुसला, सगळी पानं सावकाश बघितली. म्हणाले, "अहो, दोन्हीकडून चालतंय की."

"तेच म्हणतो मी!"

"चालतंय म्हटलं. बरोबर आहे असं नाही म्हटलं. आमच्या पेठेतली रिक्षासुद्धा एकेरी रस्त्यावर दोन्हीकडून चालते." आणि ग्लास ठेवून गेले.

पण मी शिवण उसवली नाही. सकाळी ताईंना पुस्तक द्यायचो, बालवाडी सुटली की दुकानात परत आणायचो, म्हणायचो, वाचायचं तर असंच वाचा. हट्टीपणा म्हणा. मी तर म्हणतोच. पण नुसता हट्ट नव्हता तो. मला ती गोष्ट तशीच आवडली होती. माझ्या शिवणीनं त्या पोराला बोडक्यानं झोपलेला उचलला आणि नवी टोपी घालून बापाच्या हाताखाली नेऊन उभा केला. काहीतरी गमावून गोष्ट संपण्यापेक्षा काहीतरी मिळून संपली, तर कुणाचं काय जातं?

त्याच्या आदल्याच वर्षी मित्राची आजी गेली होती. शालन. दुकानात गल्ल्यामागं तिचा फोटो आहे, घुंगरं वाजली की तो किंचित हलतो. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा मी ते पुस्तक मांडीवर घेऊन मनातल्या मनात आपलंही असंच शिवून बघायचो. पहिलं पान, दवाखान्यातली खाट. मग ती उठून बसते. मग घरी येते, आल्याचा तुकडा सोलत बाकड्यावर बसते, गिऱ्हाइकाला दटावते. केस काळे होत जातात. मुलगा लहान होतो, तिच्या कडेवर जातो. आणि अगदी शेवटच्या पानावर मांजरीच्या विहारापुढचा मांडव, पांढऱ्या साडीत ती उभी, हातात फुलांचा हार, मान खाली, आणि हार माझ्या गळ्यात घालायचा म्हणून टाचा उचललेल्या. तिथं शिवण घट्ट. पुढं पानच नाही. अशी गोष्ट कुणाला नको आहे?

तर असं सगळं चाललेलं, आणि सुट्टी जवळ आलेली.

एका दुपारी मित्रा दुकानात बसली होती. ऊन असं की डांबराला पाय चिकटावा. पुस्तक तिच्या मांडीवर. घाणा बंद. ती चौथं चित्र बघत होती, ज्यात शेळीच्या तोंडात टोपी आहे. मग पाचवं बघितलं, खांबावरची टोपी. पुन्हा चौथं. बोट ठेवून बघायची तिला सवय.

"आबा, हिचा काठ खाल्लेलाय."

"कुठं?"

"इथं. दाताचं झालंय. आणि इथं नाहीये." पाचव्यावर बोट. "इथं सगळी आहे."

मी बघितलं. खरंच चौथ्या चित्रात टोपीचा काठ कुरतडलेला होता. इतक्या दिवसांत माझ्या नजरेला तो आला नव्हता.

"आईनं शिवून दिली असंल," मी म्हटलं.

"आई नाहीचे पुस्तकात."

"घरात असंल."

ती उठली. घाण्याच्या मागं चिपाडांचा ढीग पडलेला असतो, रस काढून झालेला चुरगळलेला ऊस. त्यातलं एक चिपाड उचललं आणि माझ्यापुढं धरलं. दुसऱ्या हातात मोळीतला अख्खा ऊस, तिच्याहून उंच, तिला धरता येईना.

"आबा, आधी हे का आधी हे?"

"आधी ऊस. मग चिपाड. हे काय विचारणं झालं?"

"मग चिपाड घाण्यात घातलं तर ऊस होतो?"

आयुष्यभर घाणा ओढला, बैलानं, मग हातानं, मग मोटारीनं. एका अंगानं ऊस घालायचा, दुसऱ्या अंगानं चिपाड निघतं. मध्ये लिंबू, आलं काहीही ठेवा, दुमडून पुन्हा घाला, तिसऱ्यांदा घाला. चिपाड कधी ऊस होऊन परत आलेलं नाही.

"खाल्लेली टोपी परत येत नाही, आबा," मित्रा म्हणाली. काही मोठं सांगितल्यासारखी नाही. चपलेचा बंद तुटलाय, असं सांगावं तशी.

मी गल्ल्यामागच्या फोटोकडं बघितलं. घाणा बंद होता, त्यामुळं तो हलत नव्हता.

"मग रस कुठं जातो?" मी विचारलं. का विचारलं मला ठाऊक नाही. ताई म्हणायच्या तसं पहिल्यांदाच मी काही सांगायच्या ऐवजी विचारलं असेल.

तिनं चिपाड ढिगावर टाकलं, पुस्तक पुन्हा उचललं. मग म्हणाली, "पोटात." आणि पुस्तकातल्या झोपलेल्या पोराच्या डोक्याखालचं शेळीचं फुगलेलं पोट दाखवलं. "हा टोपीवरच झोपलाय."

मी एवढा हसलो की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून बघायला लागला. हसता हसता डोळे पुसले, उन्हाचे. मग ऊस सोलायचा कोयता घेतला, आणि हत्ती बांधला तरी तुटणार नाही अशी ती शिवण टाक्याटाक्यानं उसवली. चूक झाली असं मी कुणाला म्हणालो नाही. अजूनही म्हणालेलो नाही. उसवली, एवढंच.

पानं सुटी झाली ती पुन्हा शिवलीच नाहीत. कल्पनाताई म्हणाल्या, सुटीच बरी. मी दुकानातनं सुतळी नेली, खोलीत खिडकीपासून दारापर्यंत बांधली, आणि वैशालीचे कपड्यांचे चिमटे दिले. पोरांनी चित्रं सुतळीवर लावायची. कुणी काही लावो, ताई फक्त विचारायच्या, "ह्याच्या आधी काय असेल? ह्याच्यानंतर?" पोरं भांडायची, चिमटे काढायची, पुन्हा लावायची. मी दाराशी बसून बघायचो. ओठ मिटून बसणं सोपं नसतं. उसाची मोळी उचलण्यापेक्षा जड काम आहे ते.

सुट्टीच्या आदल्या आठवड्यात पोरांच्या आयांना बोलावलं होतं. प्रत्येक पोरानं पुढं येऊन गोष्ट सांगायची. वैशाली रजा टाकून आली. मित्राचा नंबर आला. सुतळी रिकामी होती, चित्रं पालथी पडलेली. तिनं ती सरळ केली, सगळी बघितली. आरोहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आणि म्हणाली,

"शेळीनं टोपी खाल्ली."

वैशालीनं डोळे मिटले. परत शेवटच आधी. मी जागेवरनं उठायला लागलो. पोरीला सांगावं, अगं बाप, जत्रा! कल्पनाताईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी खाली बसलो.

"बरं," ताई म्हणाल्या. "त्याच्या आधी?"

"टोपी खांबावर होती. कारण तो पोहत होता."

"त्याच्या आधी?"

"घालून चाललेला. सगळ्यांना दाखवत."

"आणि अगदी आधी?"

"बाबांनी घेऊन दिली जत्रेत." आता ती मागं फिरली. सुतळीच्या या टोकाला जत्रेचं चित्र लावलं आणि एकेक चिमटा लावत दारापर्यंत आली, माझ्यापर्यंत. "शोधली, शोधली. मग शेळीच्या तोंडात दोरा दिसला. तो चिडला. मग संध्याकाळ झाली." इथं ती थांबली आणि मला म्हणाली, "आबा, संध्याकाळच आहे." सगळ्या आया हसल्या. "मग झोपला. टोपीवर."

ताई वैशालीला म्हणाल्या, "हिला आधी काय आणि मग काय ते पुरतं ठाऊक आहे. सांगायला कुठनं सुरुवात करायची, ते मात्र ही स्वतःच ठरवते. पाठवा पहिलीत. तिथल्या बाईंना सांगेन मी, हिला थोडा वेळ द्या म्हणून."

त्या दिवशी मी सगळ्या बालवाडीला रस पाजला. बर्फ घालून.

आता तिसरीतली मित्रा माझ्याशेजारी घुंगरं घासत होती आणि मी विचार करत होतो की माणूस एवढा हट्ट कशाला धरतो. शालनचं ते हाराचं पान मी अजून कधी कधी शेवटी ठेवतो. ठेवू दे. पण मला ठाऊक असतं की ते पान पहिलं आहे. आणि पहिलं असलं म्हणून ते कमी होत नाही. तो पोरगा टोपीवरच झोपलाय ना? मग झालं.

पट्टा बांधून झाला. घाणा फिरवून बघितला. घुंगरं वाजली, फोटो हलला, भिंतीपलीकडं पोरांचा गलका क्षणभर थांबला आणि दुप्पट झाला. मित्रा शाळेला गेली. मी सवयीनं जाऊन बालवाडीच्या दाराशी बसलो.

सुतळी तीच आहे, चिमटे वैशालीचेच. यंदाची नवी पोरं. एक शेंबडं पोरगं चित्रं लावत होतं, मोठ्या ऐटीत. सुतळीच्या सुरुवातीलाच त्यानं लाल आभाळाचं चित्र लावलं. मग शेळीच्या तोंडातला दोरा. मग शोधाशोध. कल्पनाताईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे केस आता पांढरे व्हायला लागलेत, नजर तीच.

मी पोराला म्हटलं, "बरं. मग पुढं काय झालं?"

त्यानं कुरतडलेल्या टोपीचं चित्र लावलं. मग खांबावरची अख्खी टोपी उचलली, चिमटा उघडला आणि थांबलं. एकदा या चित्राकडं, एकदा त्या चित्राकडं. हात वरच.

मला उत्तर येत होतं. जिभेवर होतं. मी काही बोललो नाही.